डोळ्यातला स्क्रू

फुंकरबाबांच्या हॉलवर सकाळपासून माणसांची रीघ. बाबा डोळ्यावर फुंकर मारत, कापसाच्या बोळ्याने डोळा पुसत आणि त्याच बोळ्यातून कधी खडा, कधी काटा काढून दाखवत. टाळ्यांवर टाळ्या!

रांगेत माझी ताई आणि भाऊजी होते. भाऊजी घड्याळं दुरुस्त करतात. ज्या उजव्या डोळ्याला ते भिंग लावतात, तोच आठ दिवस लालभडक झालेला. ठणकायचा, उजेड सोसायचा नाही, दिसायचंही धूसर. "हा डोळा गेला तर मी काय करू रे?" ते म्हणाले. मी डॉक्टरांचं नाव काढलं. पण अख्खी गल्ली एकच घोकत होती, 'डोळ्यात काहीतरी गेलंय.' आणि गेलेलं काढण्यात बाबांचा हातखंडा!

"घड्याळजी ना तू?" बाबांनी न विचारता ओळखलं. लोक थक्क. दारावरच्या बाईने नावाबरोबर धंदाही लिहून घेतला होता, हे सगळे सोयीस्कर विसरले.

बाबांनी गाल फुगवले, फुंकर मारली, बोळा उलगडला. "हा बघ, तुझ्याच घड्याळातला स्क्रू!"

हॉल दणाणला. ताईला तर रडूच कोसळलं. भाऊजींनी मात्र सवयीने खिशातलं भिंग काढून चांगल्या डोळ्याला लावलं.

"बाबा, हा घड्याळातला नाही. चष्म्याचा आहे."

"चमत्काराला काय घड्याळ नि काय चष्मा!" बाबांनी मान उडवली, आणि त्यांच्याच चष्म्याची काडी निखळून मांडीवर पडली.

आधी एक जण फिसकन हसला, मग सगळेच. ताईने डोळे पुसले आणि बाबांपुढच्या ताटातले उरलेले बोळे पटापट उलगडले. प्रत्येकात एकेक खडा नाहीतर काटा तयार!

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी यंत्रातून पाहिलं. "बाहेरून काही गेलेलंच नाही, तर निघणार काय? आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. जंतू आले की त्या तुटून पडतात. पण कधीकधी जंतू नसतानाच खवळतात आणि आपल्याच डोळ्यावर धावून जातात. मग आत सूज येते."

"पण बाबांकडे काहींना बरं वाटलं ते?" ताईने विचारलं.

"ही सूज कधी आपोआप ओसरते, पुन्हा उठते. तेवढ्यात बाहुलीची कड भिंगाला चिकटली, तर नजर जाऊ शकते."

"भिंगाला?" भाऊजींचा हात खिशाकडे गेला.

"डोळ्यातल्या हो, खिशातल्या नव्हे!"

सूज उतरवणारे आणि बाहुली मोठी ठेवणारे थेंब सुरू झाले. पेशी का खवळल्या, ते शोधायला रक्तही तपासलं. ताई वेळ चुकू देईना. दीड महिन्याने डोळा स्वच्छ झाला आणि भाऊजी पुन्हा त्याच डोळ्याला भिंग लावून बसले. मला इतका आनंद झाला की माझं चालू घड्याळही दुरुस्तीला देऊन आलो.

दुकानात आता त्यांच्या अक्षरातली पाटी आहे: 'डोळा लाल झाला, दुखला, तर आधी डॉक्टरांना दाखवा. स्क्रू हवा असल्यास इथे मिळेल.'