न चढलेला मनोरा

चऱ्होलीत दौलतरावांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. ते डाक्टर. गुरांचे का असेनात, पण डाक्टर. इटलीतल्या बोलोन्या गावी नऊशे वर्षांची जुनी शाळा आहे, तिथे चार वर्षं शिकून आलेला माणूस पंचक्रोशीत दुसरा कोण होता? गावानं वर्गणी काढून त्यांच्या ओट्यावर पाटी लावली होती, तिच्यावर हिरव्या तैलरंगात 'डॉ.' हे अक्षर नावापेक्षा मोठं काढलेलं.

त्यांच्या बायकोची, यशोदाबाईंची, या अक्षरामुळे फार मोठी सोय झाली होती. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत त्यांनी तळवड्याच्या माहेराहून पदरात बांधून आणलेली. पोरबाळ नव्हतं, तेव्हा 'अमक्याचे बाबा' म्हणायचीही वाट बंद. मग सोळा वर्षं त्या "डाक्टर जेवायला बसलेत," "डाक्टर मोशीला गेलेत" असंच म्हणत आल्या, आणि म्हणताना त्यांची मान जराशी ताठ व्हायची.

आता खरं सांगायचं तर दौलतराव डॉक्टर नव्हते.

चार वर्षांचा अभ्यास पुरा झाला होता, प्रबंध लिहून झाला होता. जुलै महिन्यात पाच प्राध्यापकांसमोर उभं राहून त्यावर बोललं की पदवी हातात. पण ते साल होतं चाळीस. इटली लढाईत उतरणार हे दिसायला लागलं, आणि इंग्रजांच्या राज्यातल्या माणसांनी मिळेल ती बोट पकडावी असा निरोप आला. मे महिन्यात दौलतराव ट्रंक घेऊन निघाले ते थेट मुंबई बंदरात उतरले. पुढच्या वर्षी यशोदाबाईंच्या वडिलांनी विचारलं, "डाक्टर झालात न्हवं?" तेव्हा हे म्हणाले, "चार वर्षं पुरी केली." एवढंच. शब्द खोटा नव्हता, माणूस मात्र त्या दिवशी खोटा झाला. सासऱ्यांनी उरलेलं स्वतःच जोडून घेतलं आणि पोरगी दिली.

सत्तावन्न साली पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात एक इटालियन तज्ज्ञ चार महिन्यांसाठी आला. नाव मार्केझी, वय साठीचं. सरपंच बबनराव त्या कारखान्याच्या भोजनगृहाला भाजी पुरवायचे. साहेब बोलोन्यातच शिकलेला आहे हे त्यांना कळायला दोन दिवस लागले आणि त्याला चऱ्होलीला यायचं आवतण द्यायला दोन मिनिटं. दौलतरावांना विचारायची गरजच काय होती? गावची इभ्रत गावानं दाखवायची. दौलतरावांना कळलं तेव्हा ताप आल्याचं सोंग करावं म्हटलं, तर ते पडले स्वतःच डाक्टर.

रविवारी दुपारी कारखान्याची जीप मारुतीच्या देवळापुढे थांबली. शाळेतल्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या आणि भोवती अख्खं गाव. मार्केझी उतरला, टोपी काढून त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, पुढ्यात आलेल्या भाजक्या शेंगांवर ताव मारला आणि दौलतरावांशी इटालियनमध्ये बोलायला लागला.

दौलतरावांची जीभ आधी अडखळली. सतरा वर्षांत ती भाषा त्यांनी आजारी बैलांखेरीज कुणाशी बोलली नव्हती. पण हळूहळू शब्द येत गेले. कोण कुठल्या गल्लीत राहायचा, कोण कुठल्या खाणावळीत जेवायचा. शहरभर घरांना पडव्याच पडव्या, भर पावसात कोरड्या डोक्यानं चालत जावं अशा. दोघं हसले की गावही हसायचं. यशोदाबाई चहाची परात घेऊन बाजूला उभ्या होत्या. सरपंच भोवतालच्या लोकांना बजावत होते, "बगा, बगा, दोन्ही डाक्टर कसं बोलत्यात!"

आणि मार्केझीनं सहज विचारलं, "तुम्ही मनोऱ्यावर चढलात त्या दिवशी आभाळ कसं होतं? माझ्या वेळी इतकं धुकं होतं की चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या चढून मला स्वतःचे बूटसुद्धा दिसेनात."

 बोलोन्याच्या मधोमध जुना उंच मनोरा आहे. पदवी मिळण्याआधी जो विद्यार्थी त्यावर चढेल त्याला ती कधीच मिळत नाही, असं तिथली पोरं मानतात आणि पदवी मिळाली की त्याच दिवशी धापा टाकत वर जातात. मे महिन्यात निघताना मित्रांनी दौलतरावांना म्हटलं होतं, आता तरी चढ, परत कोण येतंय! हे ऐकेनात. चढलो म्हणजे पदवीवर पाणी सोडलं, असं त्यांना वाटलं. जुलैत येईन आणि मग चढेन, असं म्हणून ते गेले होते.

"धुकं होतं," एवढं म्हटलं तरी भागलं असतं. तपासायला कोण जाणार होतं? पण सतरा वर्षांनी तो मनोरा माहीत असलेला एक माणूस समोर बसला होता, आणि त्याच्यापाशी त्या मनोऱ्याबद्दल खोटं बोलणं दौलतरावांच्यानं होईना.

"मी चढलो नाही," ते म्हणाले.

मार्केझीनं शेंगांची मूठ खाली ठेवली. "किती राहिलं होतं?"

"दोन महिने. लढाई आली."

 म्हातारा हळूच म्हणाला, "मग अजूनही चढू नका हं."

दौलतरावांचे डोळे भरून आले. गावाला ते दिसले.

"काय म्हनतोय पाव्हना?" सरपंचांनी विचारलं.

परक्या भाषेत बोलून टाकणं सोपं गेलं होतं. खरी परीक्षा ही. दौलतरावांनी गावाकडे पाहिलं नाही, परातीकडे पाहिलं. "मी सांगितलं त्यांना, माझी पदवी झालेली नाही. शेवटची परीक्षा राहिली. मी डॉक्टर नाही, बबनराव. कधीच नव्हतो."

 सरपंच खो-खो हसले. "ऐकलं का? एवढं शिकून ह्यो मानूस मी काईच न्हाई म्हनतोय! येवढा साधेपना हाय का कुनात?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार्केझीनंही वाजवल्या, त्याला काही कळलं नव्हतं तरी. दौलतरावांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा टाळ्या अजून वाढल्या. सतरा वर्षं छातीवर घेऊन बसलेलं खरं त्यांनी चारचौघांत काढून ठेवलं आणि ते कुणी उचलूनच घेतलं नाही.

एका जागेवर मात्र ते पोचलं होतं. परात पारावर ठेवून यशोदाबाई घरी निघून गेल्या होत्या.

दिवेलागणीला दौलतराव घरी आले. यशोदाबाई कंदिलाची काच पुसत बसल्या होत्या.

"माज्या बाला काय सांगितलं हुतंत?"

"चार वर्षं पुरी केली, असं."

"आन राह्यलेलं?"

"नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्यांनी तुला दिली नसती."

"न्हाईच दिली असती." त्यांनी काच कंदिलावर बसवली. "पर मला तरी इचारायचं. आले असते का न्हाई, ते माजं मी ठरवलं असतं."

 दौलतरावांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, बोटीवर चढतानाही नाही.

"सोळा वर्सं गावभर डाक्टर डाक्टर करत हिंडले मी," त्या म्हणाल्या. "आता तुमास्नी म्हनू तरी काय?"

"तू म्हणशील ते."

त्यांनी उठून भाकरी वाढली. 

सकाळी दौलतराव गोठ्यात होते. ओट्याखाली गावातली छबूबाई आपली म्हैस घेऊन आली. म्हशीची कास सुजली होती. "डाक्टर हायत का घरात?" तिनं हाक दिली.

दौलतराव जागचे हलले नाहीत. ओ द्यावी तरी पंचाईत आणि न द्यावी तरी म्हैस खोळंबलेली. आतून झाडू टेकवल्याचा आवाज आला. यशोदाबाई दारात आल्या, त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"डाक्टर कुनी न्हाई हितं," त्या म्हणाल्या. "दौलतराव हायत."

छबूबाईनं पदर तोंडाशी धरला. समोरच्या ओट्यावर कुणीतरी निवडायचं सूप खाली ठेवलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर ते नाव यशोदाबाईंच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, दौलतरावांनीही नाही. यशोदाबाईंचे कान तापले होते, पण आवाज हलला नाही.

"दौलतराव," त्यांनी गोठ्याकडे वळून हाक मारली, "छबूची म्हस आलीया. बगता न्हवं?"

"आलो," दौलतराव म्हणाले, आणि हात धोतराला पुसत बाहेर आले.