उखडलेला गिलावा

अडेंटा उपनगरातल्या नव्या घरात राहायला आले आणि एसेनामच्या नवऱ्याला सजावटीचं वेड लागलं. सेलोर्म एरवी शहाणा माणूस, पण फोनवर परक्यांची घरं बघून बघून त्याचं डोकं फिरलं. आधी हवं होतं स्कँडिनेव्हियन, म्हणजे सगळं पांढरं. वाळवंटाकडून येणारं हरमटनचं कोरडं वारं सुटलं आणि सोफा लाल धुळीने माखला. मग मिनिमल. स्वयंपाकघरातली निम्मी भांडी खोक्यांत गेली. पाहुणे आले की एसेनाम वाडगे शोधत घरभर हिंडायची.

आता इंडस्ट्रियल, म्हणजे कारखान्यासारख्या उघड्या भिंती. बैठकीच्या भिंतींचा चांगला गिलावा त्याने गवंड्याकडून उखडून घेतला.

"अरे, लोकांचा जन्म जातो गिलावा होईपर्यंत, आणि तू आहे तो काढतोस?"

"एसे, हे सिमेंटचं खरं रूप आहे. तुला कळायला वेळ लागेल."

"कळतंय की! खरं रूप रोज माझ्या भेंडीच्या सूपमध्ये पडतंय."

रविवारी चर्चच्या बायका आल्या. सिमेंटच्या उघड्या विटा बघून एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. निघताना एकीने एसेनामचा हात धरला. "नोकरी गेली का गं त्याची? सांगायचं नाहीस होय!" दुसऱ्या दिवशी चर्चकडून दारात सिमेंटची पोती येऊन पडली. सेलोर्म चिडला, "लोकांना स्टाइल म्हणून कळत नाही." एसेनामने कपाळावर हात मारला.

मग गावाहून त्याची आक्पेने नावाची आत्या आली. तिला सगळे तासी, म्हणजे आत्याच, म्हणत. तिने भिंतीवरून तळवा फिरवला आणि मटकन खाली बसली.

"तुझ्या बापाने अशाच उघड्या भिंतींत डोळे मिटले. गिलावा करीन, करीन म्हणत गेला बिचारा. आणि तुझं पण हेच, सेलोर्म?"

"तासी, हे मुद्दाम केलंय..." म्हातारी अंगावरच्या कापडाच्या टोकाने डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने गवंड्याला बोलावलं. गिलावा परत चढला.

"आता रंग कुठला देऊया?" त्याने हळूच विचारलं.

एसेनामला बरं वाटायला हवं होतं, पण संतापच आला. महिनोन् महिने ती घसा फोडून सांगत होती ते ह्याच्या कानात शिरलं नाही. म्हातारीच्या दोन आसवांनी काम झालं.

"मी सांगेन तो," ती म्हणाली, "आणि फोन आधी खिशात घाल."