दर्या मागं सरते म्हणे

अमरावतीच्या कापूसबाजारात उत्तमराव दलालाच्या तोंडी लागणं म्हणजे चालत्या बंडीच्या चाकात काडी घालणं. काडी तर मोडायचीच, वर आपली बोटंही सांभाळायची. गडी पन्नाशीला टेकलेला, पण खोड्या पोराच्या. तेव्हा दर्यापार कुठंतरी गोऱ्यांची लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला असा भाव चढला की लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. उत्तमरावाने एका शेटच्या बैलाच्या शेंब्या उतरवून पाटलाच्या रेड्याला चढवल्या आणि दोघांचं भांडण ऐकत सुपारी चघळत बसला.

त्याच्या भिंतीला भिंत लावून नबी पिंजारी राहायचा. एका सकाळी कापूस पिंजता पिंजता नबी म्हणाला, "माहे मामू हजले गेल्ते ना, थे सांगत, दर्या दिवसातून दोनदा मागं सरते. खालची जमीन उघडी पडते."

"अन् जाते कुठं? तुह्या मामूच्या सासरवाडीले?"

"हसा तुमी. खुदा की कसम, सरते!"

"अरे, पाणी हाय थे का तुही बकरी? सोडली का गेली, हाकलली का आली!"

"मंग लावा शर्त."

"लागली! जो हरन, त्यानं बाजाराच्या दिवशी कापसाच्या गंजीवर चढून कोंबड्यावानी आरवाचं. सगळ्यायदेखत."

आता खरंखोटं करणार कोण? पलीकडच्या घरात जमुनाबाई. नवरा मागेच गेलेला, वावर ती स्वतः बघायची. कापसाला भाव आला तेव्हा चांदीच्या शेंब्या न घेता तिनं एकुलत्या एका शालिकरामला इंग्रजी शिकायला मुंबईला धाडलं. परक्या मुलखात, जिथं बोलीसुद्धा वेगळी. पोरगा दिवाळीला घरी आला होता. उत्तमरावाने त्याला कुडावरूनच हाक मारली.

"शालिक, सुटी भेटली का दर्या पाहून ये लेका. पण काठावरून नोको पाहू. जिथं पाणी व्हतं तिथं पाय ठेवून ये. नाई तं हा नबी मले फसवन."

"काका, तुमालेच आरवा लागन पाहा," शालिकराम म्हणाला. जमुनाबाई सुपात डाळ पाखडत होती, तिलाही हसू आलं. "भाऊजी, तुमचे एकेक धंदे!"

संक्रांत होऊन गेली. एका दुपारी जमुनाबाईच्या अंगणात एक तरुण पोरगा बसलेला उत्तमरावाला दिसला. तो अकोल्याचा खुशाल, मुंबईत शालिकरामच्या सोबत शिकणारा. उत्तमराव कुडावरूनच ओरडला, "काय रे, कोन आरवते मंग? मी का नबी?"

खुशालनं मान वर केली नाही. त्याच्या मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेलं गाडगं होतं. उत्तमरावाचं हसू तोंडातच राहिलं.

खुशाल सांगू लागला. कॉलेजाला दोन दिवसांची सुटी होती. दोघं शहराबाहेर खाडीकडं गेले. तिथं तिवराचं रान आहे, खाऱ्या पाण्यातच उभी झाडं. रात्री एका कोळ्याच्या ओसरीवर निजले. सकाळी पाहतात तर दर्या खरंच मागं गेलेला. नजर पोचेल तिथवर काळी, ओली जमीन.

"शालिकनं मूठभर चिखल उचलला, बोटायनं चोळला अन् हसाले लागला. म्हने, खुशाल, हे तं आपलीच काळी! वावरात आलो का काय आपुन! माह्या पायात नवे बूट व्हते, काकू. खराब होतीन म्हनून मी काठावरच राह्यलो. थो गेला. पार लांब गेला, तिथून हात हालवला. परत येता येता रुतला."

"कितीक?" जमुनाबाईनं विचारलं.

"पहिले गुडघा. मंग मांडी. थो तं हसूनच राह्यला व्हता."

पुढचं खुशालनं सांगायच्या आधीच अंगणातल्या सगळ्यांना उमगलं. वऱ्हाडात रांगतं पोरही जाणतं, काळीत रुतलं की हलायचं नाही. उभं राहायचं, हाक मारायची, माणसं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणून समोर टाकतात आणि त्यावर पाय देऊन बाहेर यायचं.

"थो वरडे, पऱ्हाटी टाक रे खुशाल! तिथं कुठली पऱ्हाटी, काकू? मी तिवराच्या फांद्या मोडून राह्यलो व्हतो, मोडतच नोत्या. कोळी लांबून वरडत, आडवा पड, आडवा पड, सरपटत ये! पण थो उभाच. अन् दर्या परत आला."

कोळ्यांची होडी पोचेपर्यंत काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

"पाय ठेवला त्यानं तिथं?" जमुनाबाई म्हणाली. "जिथं पाणी व्हतं तिथं?"

"ठेवला, काकू."

कौंडण्यपूरला वर्धा नदीत अस्थी सोडून आल्यावर नबी उत्तमरावाकडं आला. "शर्त-बिर्त काई नाई, भाऊ. मी सोडली." उत्तमरावाने मान हलवली. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच किळस आली.

बाजारात मात्र जिभा चालू झाल्या होत्या. "पैसा आला का पोट्टे असे माजतेत. शिकाले गेलं अन् दर्याकाठी मजा मारता मारता मेलं." उत्तमराव हे ऐकायचा आणि खाली मान घालून चिमटीत कापसाचा धागा ओढून पाहत बसायचा.

बाजाराचा दिवस आला. भर गर्दीतून जमुनाबाई चालत आली. माणसं आपोआप बाजूला झाली. ती उत्तमरावासमोर उभी राहिली.

"भाऊजी, दर्या मागं सरते का नाई?"

"वैनी, घरी चाला. इथं नोको."

"सरते का नाई?"

"सरते."

"मंग कोन हरलं?"

"मी."

"चढा मंग."

नबी मध्ये पडला. "भाभी, म्या सोडली शर्त. तोबा केली."

"तुमी सोडली, नबीभाऊ. माह्या पोरानं नाई सोडली. लोक म्हनतेत थो मजा माराले गेल्ता. कोनाच्या कामाले गेल्ता, थे आयकू द्या बाजाराले."

उत्तमरावाने पागोटं काढून नबीच्या हातात दिलं आणि गंजीवर चढू लागला. पाय गुडघ्यापर्यंत कापसात गेला. तो क्षणभर थांबला, मग दुसरा पाय टाकला. वर पोचल्यावर खाली सगळा बाजार तोंड वर करून उभा दिसला.

"शालिकरामले म्या धाडलं व्हतं," तो म्हणाला. "पोट्टा मजेले नोता गेला. काठावरून नोको पाहू, पाय ठेवून ये, हे म्या म्हनलं. त्यानं ठेवला. मी हरलो."

मग तो आरवला. आवाज बारीक, पुढच्या रांगेपुरताच. उत्तमरावाच्या चाळ्यांना हसायची सवय असलेला एक मापारी फिस्सकन हसला, मग आजूबाजूला पाहून त्यानं काटा हातात घेतला आणि नुसताच धरून राहिला.

जमुनाबाई जागची हलली नाही.

"मांगच्या लोकायले आयकू नाई गेलं, भाऊजी."

उत्तमरावाने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पुन्हा आरवला, असा की बाजाराच्या पार टोकाला बांधलेल्या बैलांनी माना वर केल्या.