पोथीतले पासपोर्ट

सत्यशीलाबाईंनी उंबऱ्याच्या आतूनच पासपोर्ट उन्हाकडे धरला, आतला फोटो निरखला आणि मग ओट्यावर उभ्या सईदाकडे पाहिलं.

“ह्योच हाय ना? का दुसरा काढून ठेवलाय पोरानं?”

“काकू, पासपोर्ट काय रेशनकार्ड हाय का, घराघरात दोन दोन असायला?”

“मग आठ दिवस कावून लागले?”

“फैजान देत नव्हता. आज सकाळी आपल्या हातानं आणून दिला.”

आपल्या हातानं. सत्यशीलाबाईंना ते पटलं नाही. एजंटाची पांढरी गाडी सईदाच्या नवऱ्याच्या, वाहेदच्या गॅरेजसमोर त्यांनी दोनदा पाहिली होती. बोनेटवर वाकलेला फैजान एजंटाशी हसत बोलत होता.

सईदानं त्यांची नजर ओळखली. “गॅरेज हाय आमचं. बिघडली तर शैतानाची बी गाडी दुरुस्त करावी लागती.”

परदेशात स्वयंपाकघरात मदतनीस, असं सांगून त्या एजंटानं घाटनांदूरचा एक पोरगा नेला होता. महिन्यानं घरी फोटो आला तो फौजेच्या कपड्यांत, हातात बंदूक. लढाई दुसऱ्यांची, देश दुसऱ्यांचा. मग फोन लागेनासा झाला. तेव्हा सिरसाळ्याच्या या गल्लीतल्या बायांनी ठरवलं, पोरांचे पासपोर्ट गोळा करून सत्यशीलाबाईंच्या पोथीच्या वस्त्रात बांधायचे. कुलूप काय, कुणीही तोडतं. पण पारोशानं त्या पोथीला तीस वर्षांत घरच्या आप्पांनीसुद्धा हात लावला नव्हता. पहिला पासपोर्ट सत्यशीलाबाईंनी स्वतःच्या पोराचा, लखनचाच ठेवला होता.

“थांब. तुझ्यादेखत ठेवते.”

त्या देवघरासमोर बसल्या. लाल वस्त्राची गाठ घट्ट होती, पण टोकं आत खोचलेली नव्हती. त्या रोज खोचत. त्यांनी मान वळवली.

“काल फैजान आलता ना आमच्याकडं?”

“आलता. लखनला बोलवायला. दारातूनच माघारी गेला.”

“दारातूनच?”

“न्हाई तर काय, तुमच्या देवघरात येतो का तो?” सईदाचा आवाज चढला.

सत्यशीलाबाईंनी गाठ सोडली. सहा असायला हवे होते. शिवशंकर, उत्तरेश्वर, शहेबाज, अजिनाथ, अन् छबुबाईचा नातू. त्यांनी पोथी उचलून खालचं वस्त्र झटकलं.

मग त्यांची नजर अंगणातल्या दोरीवर गेली. लखनचा टॉवेल अजून ओला होता. नवाच्या आत अंथरूण न सोडणारा पोरगा आज पाचलाच न्हाला होता. देवापुढं डोकं टेकवून म्हणाला होता, परळीला कामाचं बघून येतो. किती हरखल्या होत्या त्या! त्याच्या तळहातावर दहीसाखर त्यांनीच ठेवली होती.

“काय झालं, काकू?”

सत्यशीलाबाईंनी फैजानचा पासपोर्ट बाकीच्यांवर ठेवला.

“फैजानला म्हणावं, गाडी काढ बाबा. परळी स्टेशनला जायचंय.”

“आत्ता? अन् तुमचा अध्याय?”

अध्याय वाचल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

सईदा पोराला हाका मारत निघाली. कोपऱ्यावर तिनं वळून पाहिलं, तेव्हा सत्यशीलाबाई अंगणात उलटी पडलेली आपली चप्पल पायानं सरळ करत होत्या.