न बघता केलेली सही

"बाई, चार युनिट म्हणजे पॉइंट चार एमएल ना?"

प्रश्न साधाच, पण शिकाऊ पोरीने तो इन्सुलिनचं इंजेक्शन देऊन पाऊण तास झाल्यावर विचारला. भिंगबाईंच्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं.

भिंगबाई हे नाव शिकाऊ नर्स पोरींनी ठेवलेलं. चादरीची घडी बोटभर वाकडी असली तरी बाईंना दिसायची आणि मग त्या पोरीची काही धडगत नसायची. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली बारा पोरींना वॉर्डात शिकवण्यात गेली. पाच महिन्यांनी निवृत्ती.

"कुठली सिरिंज घेतलीस?"

"इन्सुलिनच्या छोट्या संपल्या होत्या, म्हणून साधी घेतली. आत्ता नवा डबा आला, त्यावर वेगळ्याच रेघा दिसल्या, तेव्हा..."

"अगं बये! एका एमएलमध्ये शंभर युनिट असतात, पॉइंट चार म्हणजे चाळीस! चाळीस युनिट टोचलंस तू त्या आजींना!"

पोरगी पांढरीफटक पडली. बाईंना इंजेक्शनांचा तक्ता आठवला. तक्त्यावर दोन सह्या लागत, एक देणाऱ्याची आणि एक सिरिंज बघणाऱ्याची. दुसरी त्यांची होती. सकाळी शेजारच्या पलंगावरची पेशंट ओकत होती, बाईंचे हात भरलेले, पोरीने तक्ता पुढे केला आणि यांनी सही ठोकून दिली. आणि खरं सांगायचं तर हे आजच घडलं असंही नव्हतं.

बाई धावल्या. सात नंबरच्या पलंगावरच्या आजी आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, बोलक्या. आत्ता मात्र घामाने निथळत होत्या. नाश्ता अर्धाच खाऊन ताट बाजूला सारलेलं.

"सिस्टर, हातपाय गळाल्यासारखं होतंय हो."

बाईंनी साखरेचं पाणी पाजलं, बोटाला टोचून रक्तातली साखर बघितली. अठ्ठेचाळीस, सत्तरच्याही खूप खाली. डॉक्टरांना निरोप गेला. तेवढ्यात पोरीने त्यांची बाही धरली.

"बाई, हात जोडते. नाश्ता अर्धाच खाल्लाय, म्हणून साखर उतरली असं सांगा ना. काढून टाकतील हो मला."

बाईंना तिचा संताप यायला हवा होता. आली ती भीती. कारण हेच वाक्य पोरीच्या आधी त्यांच्या स्वतःच्या मनात येऊन गेलं होतं.

डॉक्टर आले, ताटाकडे बघून म्हणाले, "खाल्लं नाही वाटतं नीट? ग्लुकोज देऊ. अर्ध्या तासात उठून बसतील."

नुसती मान हलवली की झालं. एकतीस वर्षं स्वच्छ राहतील, पोरगी वाचेल, कुणाला काही कळायचं नाही. पण चाळीस युनिट अर्ध्या तासात थोडंच संपतंय? ते तासन्‌तास आजींना खाली ओढत राहणार, आणि डॉक्टर पाठ फिरवून निघालेच होते.

"डॉक्टर, थांबा. चारऐवजी चाळीस गेलंय."

"काय? कुणी दिलं?"

"दिलं हिने. बघायचं काम माझं होतं. न बघता सही केली मी."

डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर ओरडले. सलाईन लागलं. दर पंधरा मिनिटांनी बोटाला सुई. साठ झालं, पुन्हा पन्नासवर आलं. दोघी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या, एकमेकींकडे बघायची हिंमत नाही. तीन वाजता एकशे दहा आलं, तेव्हा बाईंना पहिल्यांदा जाणवलं की आपण सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही.

"तुम्ही होतात म्हणून वाचले बाई मी," आजी म्हणाल्या.

बाईंनी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, सहीसकट. आजी भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

संध्याकाळी मेट्रनने सांगितलं, चौकशी होईपर्यंत पोरींच्या तक्त्यावर तुमची सही चालणार नाही. पोरीने सुईला हात लावायचा नाही, फक्त उभं राहून बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई छोटी सिरिंज भरून सात नंबरपाशी आल्या. तपासायला शेजारच्या वॉर्डातली सिस्टर होती, मागे पोरगी. आजींनी दोन्ही हात चादरीत ओढून घेतले.

बाईंनी सिरिंज खाली घेतली.

"चष्मा द्या माझा," आजी म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी सिरिंज डोळ्यांजवळ आणायला लावली. "चार कुठे आहे?"

बाईंनी नख टेकवून दाखवलं.

"तुम्ही नको. त्या पोरीला मोजू द्या. मोठ्याने."

पोरीने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. तिने रेघेरेघेवर बोट ठेवत मोजलं, "एक... दोन... तीन... चार." आजींचे ओठही तिच्याबरोबर हलत होते.

मग आजींनी एक हात चादरीतून बाहेर काढला.