खुंटाचा फुटवा

मागच्या दारच्या संत्र्याच्या झाडाला बाबा "त्याचं झाड" म्हणायला लागले, तेव्हापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात आहे. "त्याचं" म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं. झाड लावलं आईने. ती गेल्यावर रोज सकाळी पानं उलटून अळ्या वेचते मी. खोडावरची खवले कीड जुन्या टूथब्रशने घासायची, कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला की साबणाचं पाणी मारायचं, मुंग्या चढू नयेत म्हणून बुंध्याला चिकटपट्टी गुंडाळायची, आणि मग हात धुऊन शिवणाच्या मशीनवर बसायचं. गिऱ्हाइकाला आपला ब्लाउज वेळेवर हवा असतो, तुमच्या अळ्यांशी त्याला काय करायचंय?

आमचे हे युवराज गेल्या वर्षी सुट्टीत आले. येतो पाहुण्यासारखा, जातो हुकूम सोडून. झाडाकडे बघून म्हणाला, "ताई, किती मरतुकडं झालंय गं! छाटायला हवं." मी बाजारातून परत येईपर्यंत स्वारीने काम उरकलंही होतं. फळं देणाऱ्या फांद्या जमिनीवर पडलेल्या, आणि बुंध्यातून सरळ वर चढलेला काटेरी, पोपटी फुटवा मात्र मोठ्या मायेने राखलेला.

संत्र्याचं झाड म्हणजे कलम. खाली रानटी लिंबाचा खुंट, त्यावर बांधलेला संत्र्याचा डोळा. कलमाच्या गाठीखालून जे फुटतं ते खुंटाचं. दिसायला तगडं, वाढायला भराभर, आणि फळ म्हणाल तर जाड सालीचं, आंबटढाण. तो फुटवा दिसला की खुडायचा असतो, नाहीतर वरचं संत्रं उपाशी मरतं. हे आईने मला शिकवलं होतं. त्याला शिकवायला तो घरात असायचा कधी?

मी ओरडले, तर म्हणतो, "अगं, हेच तर जोमाने वाढतंय!" दुसऱ्या दिवशी बॅग उचलली आणि गेला.

पाय मोडल्यापासून बाबा खिडकीतल्या खुर्चीवर असतात. फुटवा खिडकीच्या वर गेला तसं त्यांचं सुरू झालं. "बघ, त्याचा हात लागला आणि झाड कसं उठलं! तू नुसती कुरवाळत बसायचीस." मी कलम समजावलं, गाठ दाखवली. पालथ्या घड्यावर पाणी! "त्याने जगवलंय. हात लावायचा नाही," म्हणाले. दिवसभर बघायला त्यांना तेवढंच होतं, म्हणून मी दात ओठ खात गप्प बसले. काम करायचं मी, नाव त्याचं. ही आमच्या घरची जुनीच रीत.

परवा अळ्या वेचताना वर पाहिलं. आईच्या संत्र्याची एकच फांदी हिरवी उरली होती. बाकी सगळ्या वाळलेल्या.

सकाळी करवत घेऊन मी फुटव्याच्या बुडाशी बसले.

"अगं ए! काय करतेस? वेड लागलंय का तुला?" बाबा खिडकीतून ओरडले.

"आईचं झाड वाचवतेय!"

"ते त्याचं आहे!"

"त्याचं काय आहे हो इथे? काय केलंय त्याने, सांगा ना!"

काटे हातात घुसत होते. फुटवा आडवा झाला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी त्याला वर एक लाथही घातली.

आत आले तर बाबांनी त्यांचा फोन माझ्यापुढे धरला. "फोन लाव त्याला. आत्ताच्या आत्ता. कळू दे त्याला तू काय केलंस ते."

"लावते की! मी काय घाबरते का त्याला?" मी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि बाबांच्या हातात दिला.

"हं बाबा, पटकन बोला, गाडी चालवतोय."

"तुझं झाड तोडलं रे हिने," बाबांचा आवाज चिरकला. "तू एवढ्या मेहनतीने जगवलंस..."

"कुठलं झाड?"

"मागच्या दारचं. संत्र्याचं. तू छाटलं होतंस ते."

"मी? कधी? बरं, असू दे. दुसरं लावा ना."

बाबा फोनकडे बघत राहिले. वर्षभर मी याच क्षणाची वाट बघत होते. हसायला हवं होतं मला. त्याऐवजी मी फोन हिसकावून घेतला.

"आठवतंय म्हणायचंस, नालायका! एवढं खोटं तरी बोलायचंस!"

"ताई? झालं काय तुला?"

मी फोन बंद करून पलंगावर फेकला.

"लाईन खराब होती त्याची," बाबा म्हणाले. "नीट ऐकू नसेल गेलं."

लाईन इतकी स्वच्छ होती की त्याच्या मागच्या गाडीचा हॉर्नसुद्धा ऐकू आला होता.

"हो ना," मी म्हणाले. "मलाही ऐकू येत नव्हतं."