देवीचा भार, राहीबाईची टाच

मंगळवारी दुपारी माझ्या सासुरवाडीच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नसायची. नाथाजी देवरुशी लोखंडाची काळी पट्टी दगडावर ठेवायचा आणि खडावा घालून तिच्यावर एका पायानं उभा राहायचा. खडावेच्या टाचेखाली बोराएवढा चकचकीत गोळा बसवलेला. त्याला तो देवीचा मणी म्हणायचा. दोन चेले दोन बाजूंनी हात धरत आणि हा थरथरायला लागे.

"आली! सात हत्तींचा भार घिऊन आली! लोखंडाचं लोणी झालं रं!"

तो उतरला की पट्टीवर ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा दिसायचा. माणूस बघावा तर पन्नास किलोचाही नसेल.

"आवं, आमच्या नांगराच्या फाळावर नाचलं तरी असं व्हायचं न्हाई," गर्दीतला एक शेतकरी, आकाराम, म्हणाला. त्याचं बरोबर होतं, पण तो हात जोडून बोलत होता.

माझी बायको शालू गेल्या पावसाळ्यात गेली. सासुरवाडीला जायला कारण उरलं नव्हतं, तरी मी जायचो. तिची धाकटी बहीण राहीबाई तिथंच राहते. राहीची मुलगी विजयमाला हिला क्षय झाला होता. मिरजेला सुया चालू होत्या आणि पोरगी सुधारत होती. नाथाजीनं सांगितलं, "सुई टोचलेल्या अंगात देवी ऱ्हात न्हाई." सुया बंद झाल्या. त्याची एक पट्टी घरात आली. ती रात्रभर पाण्यात ठेवायची आणि सकाळी ते पाणी पोरीला पाजायचं. पोरगी पुन्हा खोकायला लागली होती.

मी सांगलीच्या एका कारखान्यात माल तपासतो. धातूवर पोलादी गोळी ठरलेल्या भारानं दाबायची आणि उमटलेला खळगा भिंगातून मोजायचा. खळगा मोठा तर धातू मऊ, लहान तर कठीण. साध्या लोखंडावर ज्वारीएवढा खळगा पडायला हजार-बाराशे किलोचा भार लागतो.

रविवारी मी पुन्हा गेलो. सुताराकडून एक खडाव करून नेली होती. टाचेखाली बेअरिंगमधला गोळा बसवलेला.

"राही, ही घाल आणि तुझ्या पट्टीवर उभी ऱ्हा."

"दाजी, याड लागलंय का तुमास्नी? देवीची पट्टी हाय ती! हातात धरून बघा, केवढी जड झालीया भारानं."

"म्हणूनच म्हणतो. उभी ऱ्हा."

तिनं पट्टी छातीशी धरली. "मिरजंच्या दवाखान्यानं माझी भन वाचिवली का?"



"न्हाई वाचवली," मी म्हणालो. "पण डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तिचा आजार हाताबाहेर गेलाय म्हणून. विजयमालाचा तसा न्हाई, हेही तिथलेच डॉक्टर सांगतायत."

आतून पोरीच्या खोकल्याची उबळ आली. राहीनं पट्टी खाली ठेवली, चौकट धरली आणि खडावेवर उभी राहिली. उतरून बघते तर ज्वारीएवढा खळगा.

"आगं बया! मला भार आला?"

"आला की. तुझा सोताचा. चाळीस किलो."

मग तिला नांगराच्या फाळावर उभं केलं. खळगा शोधायला तिनं तो दारात उन्हात नेला. खसखशीएवढा ठिपका! मी नखानं पट्टीचा काळा रंग खरवडला. आत शिसं चकाकलं.

"ते पोटात गेलं तर विष हाय, राही."

तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि सगळं पाणी गटारात ओतलं.

मंगळवारी राहीबाई खडाव काखेत मारून थेट नाथाजीपुढं गेली. "देवरुशी, आज आकारामदाच्या फाळावर उभं ऱ्हावा."

"देवी परक्या लोखंडावर उतरत न्हाई."

"पर माज्या टाचंत उतरती वो!" म्हणत ती त्याच्याच पट्टीवर चढली. खळगा पडला. मग एकेक बाई चढली. जाडजूड बनाबाईचा खळगा नाथाजीच्यापेक्षा मोठा निघाला.

"बनाबाईच्या अंगात दहा हत्ती!" कुणीतरी ओरडलं आणि अख्खी गर्दी हसली. आकारामनं फाळ आणून नाथाजीपुढं आपटला. तो खणखणला. मग पट्टी आपटली. नुसता धप्प आवाज. नाथाजी खडावा तिथंच टाकून अनवाणी चालता झाला.

देवीला जा, नवस करा, मी अडवणार नाही. पण चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच म्हणा, तुझ्या पट्टीवर नको, माझ्या फाळावर करून दाखव. तो कारणं सांगायला लागला की घरी या. आणि औषध थांबवण्याआधी हे विचारा.

विजयमाला दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मिरजेला गेली. डॉक्टर राहीवर लय ओरडले. राहीनं ऐकून घेतलं आणि पोरीची बाही वर केली.